अत्तराची सेवा

दत्तजयंतीच्या सप्ताहात कोणाकडे कोणती सेवा, हे घाटंजीकडच्या त्या गावात कोणी विचारत नाही. वीणेचे पहारेकरी ठरलेले, पंगतीत वरण कोण वाढणार तेही ठरलेलं, आणि कीर्तन सुरू व्हायच्या आधी ओळीओळीनं फिरून श्रोत्यांच्या हातावर अत्तर लावायचं ते तांड्यावरच्या हिरासिंग आडेनं. एकतीस वर्षं झाली. मंदिराचे टिन जाऊन स्लॅब आला, बुवा बदलले, पखवाज वाजवणारे तर किती आले नि गेले. हिरासिंगचं पितळी तबक तेच राहिलं.

ही विद्या त्यानं घाटंजीच्या बाजारात उचलली होती. तिथं एक म्हातारा अत्तरवाला लाकडी पेटी मांडून बसायचा. जवानीत हिरासिंग बैल विकायला बाजारात जायचा आणि बैल विकला गेला की उरलेला दिवस त्या पेटीपाशी काढायचा. घ्यायचा एखादीच शीशी, पण ऐकायचा फार. पुढं तेच तो गावाला सांगू लागला, तेही कीर्तनकाराच्या थाटात, हात वर करून.

"कोरड्या चामडीवर अत्तर टिकत नाही, बाप्पा! आंघोळ झाली की आंग जरा दमट असतानाच लावा. नाहीतर आधी तिळाच्या तेलाचं एक बोट फिरवा, त्याच्यावर अत्तराचा थेंब. दिवसभर हलायचं नाही."

कोणी दोन्ही मनगटं एकमेकांवर घासू लागला की तो त्याचा हातच धरायचा. "घासतोस काहून? ते काय साबण हाय? घासलं की वरचा वास उडून जाते. लावावं अन् सोडून द्यावं. त्याच्या त्याच्यानं उमलू द्यावं." कापसाचा फाया कानाच्या वळीत ठेवावा, म्हणजे अंगाच्या उबेनं वास हळूहळू सुटतो. शीशी उन्हात ठेवू नये. थंडीत हिना, उन्हाळ्यात खस, काल्याच्या दिवशी गुलाब. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, तो एक गोष्ट सांगायचा: "आपल्या आंगचा वास आपल्याले घडीभरानं येईनासा होते. म्हणून अत्तर गेलं असं समजून आणखी आणखी चोपडू नका. बाजूच्याले इचारा. आपलं नाक आपल्याले फसवते."

लोक हसायचे. बबनराव, म्हणजे सप्ताहाच्या कमिटीचे अध्यक्ष, म्हणायचे, "हिरासिंग, तुह्याच नावाचं एखादं कीर्तन लावावं लागते आता."

हे सगळं दोन वर्षांपूर्वीपर्यंतचं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात हिरासिंगला ताप आला. आठ दिवसांनी ताप उतरला तेव्हा त्यानं सवयीप्रमाणे सकाळी हिनाची शीशी उघडून नाकाशी धरली. काहीच नाही. जसं पाणीच. त्याला वाटलं, दुकानदारानं फसवलं. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग चुलीपाशी जाऊन लसणाची पाकळी ठेचली, बोटं नाकात खुपसली म्हणा ना. काही नाही. देवापुढं कापूर लावला. ज्योत दिसत होती, कापूर मात्र कुठंच नव्हता.

येईल परत, असं म्हणत त्यानं दिवाळी काढली. मग होळी काढली. नाक काही परत आलं नाही. त्यानं ते कोणालाच सांगितलं नाही.

कोणाला सांगणार? घरात तो एकटा. बायको जमना तीन वर्षांपासून हैदराबादेत, मुलीकडे. रंजिताला जुळी झाली, ती नोकरीवर जाते, पोरांना सांभाळायला आई गेली ती तिथंच राहिली. दिवाळीला येते, आठ दिवस राहते, जाते. पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, "तुमीही चला. इथं एकट्यानं काय करता?" तेव्हा हिरासिंग ऐटीत म्हणाला होता, "अन् सप्ताहाचं अत्तर कोण लावल? एकादशीच्या भजनाले कोण लावल?" जमनानं काही वाद घातला नाही. सेवेपुढं बोलायचं नाही, हे तिलाही आईबापानं शिकवलं होतं.

आता पाहा त्या माणसाची गत. ज्या सेवेसाठी तो मागं राहिला, ती सेवा करणारं नाकच गेलं. गावाला कळलं तर बबनराव काही वाईट बोलणार नाहीत, चांगला माणूस आहे. फक्त म्हणतील, आता तू बस हिरासिंग, तबक दुसऱ्याकडे देऊ. आणि तबक गेलं की मग या घरात कशासाठी राहायचं?

खरी गोष्ट अशी, की त्याला अत्तरापेक्षा हातांची ओढ होती. हे त्यानं कधी मनाशीसुद्धा मोठ्यानं म्हटलं नसतं. पण घरात एकटा असणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा हात लागतो कधी? किराणा दुकानात पिशवी घेताना, तेवढाच. एकादशीच्या भजनाला दहाबारा हात, सप्ताहात मात्र दीडदोनशे हात एकेक करून त्याच्यापुढं यायचे. तो तो हात डाव्या तळव्यावर घ्यायचा, पालथा करायचा, तेलाचं बोट फिरवायचा, अत्तर टेकवायचा, "रामकृष्णहरी" म्हणायचा आणि सोडायचा. मार्गशीर्षात कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा बायांच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे असतात. त्यांना अत्तर झोंबतं, म्हणून त्यांच्या तो मनगटाच्या वरच्या बाजूला लावायचा. कोणाचा हात थरथरतो, कोणाच्या हाताला ताप आहे, कोणाच्या बांगड्या यंदा नाहीत, हे त्याला कळायचं. वर्षभर त्याला ते पुरायचं.

आणि एक भीती लागली होती ती वेगळीच. आपल्या अंगाला वास येतो का? कपड्यांना? घराला? एकट्या म्हाताऱ्याच्या घराला एक वास असतो, त्यानं दुसऱ्यांच्या घरी घेतला होता. आता आपल्या घरचा तो कसा ओळखायचा? म्हणून तो थंडीतही दोनदा आंघोळ करायचा आणि गळ्याला, छातीला, टोपीला अत्तर चोपडायचा. ज्यानं सगळ्या गावाला एका थेंबाचं महत्त्व शिकवलं, तो आता तीन दिवसांत शीशी संपवत होता.

काल्याचा दिवस उजाडला. काल्याचं कीर्तन सकाळी दहाला. मंडप भरत आला होता; मडकं वर टांगलं होतं, टाळकरी उभे राहायच्या तयारीत, पखवाजाच्या तोंडावर ओली कणीक चढत होती. यंदा काल्यालाही हिनाच लावायचा, असं हिरासिंगनं ठरवलं होतं, कारण थंडी फार होती. गुलाबाची शीशी तबकात घेतली ती रिवाजापुरती. घरून निघताना त्यानं कोनाड्यातून हिनाची भरलेली शीशी उचलली. थंडीनं तेल घट्ट झालं होतं, रंग तोच, काळपट पिवळा. झाकण उघडून नाकाशी धरायची सवय अजून सुटली नव्हती. धरली, मान डोलावली आणि निघाला.

पुरुषांच्या ओळीपासून सुरुवात झाली. बबनरावांनी हात पुढं केला. हिरासिंगनं लावलं. बबनरावांचं तोंड जरासं वाकडं झालं, पण ते म्हणाले, "वा! रामकृष्णहरी." पुढचा भीमराज शिंकला. त्याच्या पुढच्यानं हात धोतरामागं नेला. हिरासिंगला वाटलं, थंडी आहे, सर्दी असेल. मग तो बुवांकडे गेला. बुवा नवे होते, परभणीकडचे, पहिल्यांदाच आलेले. त्यांनी हात पुढं केला, श्वास घेतला, क्षणभर थांबले, आणि मग तो हात कपाळाला लावून म्हणाले, "माउली, सेवा पोचली."

हिरासिंगचा ऊर भरून आला. एवढ्या मोठ्या माणसानं असं कधी म्हटलं नव्हतं.

बायांची ओळ सुरू झाली. चौथीच सुखीबाई होती. ती तांड्यावर तीन घरं सोडून राहते, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, हिरासिंगला भिया म्हणते, म्हणजे भाऊ. तिनं हात पुढं केला. हिरासिंगनं तेलाचं बोट फिरवलं, शीशीत बुडवलेलं बोट टेकवलं. सुखीबाईनं हात मागं घेतला नाही. तिनं उलट त्याचंच मनगट धरलं.

"भिया, थांब. शीशी पाहू दे."

"काहून?"

"दे म्हणतो ना."

तिनं शीशी घेतली, हुंगली, आणि पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. हिरासिंगला कळेना, ही रडते की हसते.

"अरे माह्या देवा," ती हळूच म्हणाली, "हे माह्यावालं करंजाचं तेल हाय. तुह्या गुडघ्यांले म्हणून गेल्या आठवड्यात देलतं मी. तूच देलेल्या शीशीत भरून."

करंजाचं तेल ज्यानं हुंगलं असेल त्याला सांगायला नको. कडू, उग्र, जनावराच्या जखमेला लावतात ते. आणि ते पन्नास पुरुषांच्या हातावर, बबनरावांच्या हातावर, परभणीच्या बुवांच्या हातावर, तेही खाली तिळाचं तेल घालून, दिवसभर टिकावं म्हणून!

हिरासिंग तबक घेऊन मागं वळायला लागला. सुखीबाईनं ते खालून धरलं.

"सुखी," तो म्हणाला, आणि दोन वर्षांत न निघालेले शब्द त्या भरल्या मंडपात, टाळांच्या किणकिणाटात बाहेर पडले, "मले वास येत नाही व."

"मले माहीत हाय."

"तुले?"

"सगळ्यांले माहीत हाय. दोन वरसं झाली. तू गल्लीत शिरायच्या आधी तुह्यं अत्तर शिरते. एवढं कोणी नाकवाला माणूस लावते का? मागच्या सप्ताहात तू ते आंबलेलं गुलाब लावलं, आठवते? भीमराजची बायको घरी जाऊन चुलीच्या राखेनं हात घासत होती."

"मंग सांगतलं काहून नाही?"

सुखीबाईनं इकडंतिकडं पाहिलं. बाजूच्या बाया मान खाली घालून ऐकत होत्या. "सांगतलं असतं तर तू तबक ठेवून हैदराबादले गेला असता. बबनरावच म्हणले, कोणी तोंड उघडायचं नाही. लावू दे त्याले."

हिरासिंगनं मान वर केली. वर मडकं हलत होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता. एवढं गाव आपल्यासाठी गप्प राहिलं. पण त्याच्या मनात दुसरंच येत होतं. म्हणजे दोन वर्षं हे हात अत्तरासाठी पुढं आलेच नव्हते. त्याला वाटत होतं, आपण देतो आहोत, लोक घेत आहेत. आणि इथं तर उलटं होतं. दोन वर्षं लोक देत होते आणि घेणारा तो. बुवांचं 'सेवा पोचली' आठवून त्याचे कान तापले. एवढ्या माणसांत उभा असून त्याला त्या क्षणी आपल्या रिकाम्या घरापेक्षाही जास्त एकटं वाटलं.

त्यानं तबक सुखीबाईच्या मांडीवर ठेवलं. "तू लाव बाकीच्यांले. मी जातो."

"मी? बायामाणसानं तबक फिरवलं कधी?" सुखीबाई म्हणाली. "अन् पलीकडची ओळ बसूनच हाय. पाय त्यांचे आखडून राह्यले."

तेवढ्यात पलीकडून एक आवाज आला. संगीता होती, मजुरीला जाणारी, तोंडाची फटकळ. "काका, आमचं काय? का फक्त माणसांच्याच हाताले?"

"पोरी, ते अत्तर नोहे. करंज हाय."

"ऐकलं ना मी. आण इकडं." तिनं दोन्ही हात पुढं केले, तळवे वर. बोटांच्या पेरांवर वेचणीचे ओरखडे, काही ताजे, काही काळे पडलेले. "अत्तर झोंबते. हे झोंबत तरी नाही. घरी असंही लावतच असतो रात्री."

"आन मंग, मलेही," तिच्या बाजूची म्हणाली. आणि एक म्हातारी, जिला ऐकू कमी येतं, तिनं काय चाललंय हे न कळताच हात पुढं केला, कारण बाकीच्यांनी केला होता.

बायांत हशा पिकला. पुरुषांच्या बाजूनं बबनराव ओरडले, "काय झालं तिकडं? बुवा उभे राह्यले!"

हिरासिंगनं तबक उचललं. मनगटाच्या पालथ्या बाजूला नव्हे, यावेळी त्यानं बोटांवर तेल लावलं, एकेका पेरावर, जिथं ओरखडे होते तिथं. घाई केली नाही. बुवा खरंच थांबले होते, वीणेवर बोट ठेवून, आणि काल्याच्या कीर्तनात श्रोत्यांसाठी बुवा थांबल्याचं त्या गावानं पहिल्यांदाच पाहिलं. शेवटच्या हातापर्यंत गेल्यावर हिरासिंग जोरात म्हणाला, "रामकृष्णहरी," आणि मागच्या खांबापाशी जाऊन बसला. बुवांनी चाल उचलली. सगळ्या मंडपाला करंजाचा वास येत होता म्हणतात. तो सोडून सगळ्यांना.

मडकं फुटलं, लाह्या-दही वाटलं गेलं, पंगती उठल्या. बबनराव येऊन जवळ बसले. "हिरासिंग, पुढच्या एकादशीपासून आधी सुखीबाईकडून शीशी हुंगून घेत जाय. लावायचं तूच." एवढंच बोलून ते भांडी मोजायला गेले.

दिवस कलायच्या सुमारास हिरासिंग घरी आला. दार उघडलं, उंबऱ्यातच बसला. मग त्यानं हैदराबादला फोन लावला. जमनानं उचलला. दोघं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलले.

"झाला काला?"

"झाला."

"काय लावलं यंदा? गुलाब?"

"करंज."

"काय?"

त्यानं सगळं सांगितलं. बुवांच्या कपाळापर्यंत आल्यावर जमना हसली, इतकी की तिकडं पोरं विचारायला लागली, नानीला काय झालं. हिरासिंगही हसला. मग तो म्हणाला, "जमना, मले नाक नाही. दोन वरसं झाली. कायचाच वास येत नाही."

तिकडचं हसणं थांबलं.

"दोन वरसं?" ती म्हणाली. "म्हणजे मागच्या दिवाळीलेही नव्हतं?"

"नव्हतं."

"अन् यंदाच्या?"

"नाही."

मग तिचा आवाज आला तो बदललेला. "रंजितानं मले चमेलीची शीशी आणून देलती. एवढ्या वरसांत मी कधी अत्तर लावलं नाही, तुमाले माहीत हाय. तुमीच सांगत होता तसं केलं. आंघोळ करून, तेलाचं बोट फिरवून, कानामागं फाया ठेवून बसनं आली. दोन्ही दिवाळीले. आठ आठ दिवस रोज लावलं. तुमी एक शब्द बोलला नाही. मले वाटलं, एवढा अत्तराचा दर्दी माणूस, अन् आपल्या बायकोचं त्याले कळतही नाही. म्हटलं, सवय सुटली वाटते माणसाची. म्हणून मंग तुमी जास्त राहा म्हटलं तरी मी राह्यली नाही."

हिरासिंगचा फोन कानाला, आणि नजर समोरच्या दोरीवर, जिथं एकच धोतर वाळत होतं.

"सांगतलं काहून नाही तुमी?"

"तू म्हणली असती, मंग आता तिथं कायले बसले."

"म्हणली असती," जमना म्हणाली. "तर म्हणू द्यायचं."

तिकडं एक पोरगं रडलं, तिनं त्याला दटावलं. लगेच निघून येणं तिला जमणार नव्हतं. पोरांची शाळा, रंजिताची नोकरी, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. तोही उद्या गाडीत बसणार नव्हता. पुढच्या एकादशीचं तबक त्याच्याकडे होतं. दोघांनाही हे माहीत होतं.

"जेवले का?" तिनं विचारलं.

"पंगतीत जेवलो. तू?"

"आता टाकतो फोडणी." भांड्याचा आवाज झाला, झारा वाजला. "ठेवू?"

"नको ठेवू," हिरासिंग म्हणाला. "राहू दे चालू. काय वास सुटून राह्यला, ते सांग."

तेल तापल्याचा चरचराट फोनमधून आला.

"जिरं टाकलं," ती म्हणाली. "थोडं करपलं. आता लसूण. लसूण अजून कच्चा हाय, वास उग्र येऊन राह्यला. थांबा, लाल होऊ द्या, मंग सांगतो."

हिरासिंग उंबऱ्यावर थांबला.